नथीची मोहीम, अर्थात सुरुंगयंत्राचा दांडा राखिल्याची हकीकत

स्वस्ति श्री. शके अठराशे ऐंशी, विलंबीनाम संवत्सरी, वैशाख मासी, सूर्यनारायण अकोले प्रांतावर कोपायमान असता, तेल्हारे परगण्याच्या काळ्या वावरात जी मोहीम जाहली, तीत कोण कोण खासे होते, यंत्राचा दांडा कैसा मोडला, फिरोन कैसा मोडला आणि अखेर कैसा राखिला, हे पुढील पिढ्यांस ठावे असावे आणि येविशी चावडीवर नाहक तंटा पडो नये, सबब हा वृत्तांत लिहिला आहे. तलवारींचे वृत्तांत मुलखात पुष्कळ आहेत, तोफांचेही आहेत, परंतु दांड्याची दखल आजवर कोणी घेतली नाही. वाचणाराने मन घट्ट करावे, आणि हातात छत्री, काठी वगैरे असल्यास तीवर रेलू नये.

तरी मूळ कारण ऐसे जे, राजश्री महादेवराव तेल्हारेकर, सरदार काळ्या मातीचे, खावंद दोन बैलजोड्यांचे, अंगाने धिप्पाड, आवाजाने तोफ, परंतु वडील बहीण मातुश्री पार्वताबाई समोर उभी ठाकली असता निव्वळ मांजर, ऐसे पुरुष होते. पार्वताबाईंचे सासर पातुरास. त्यांची कन्या चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी सत्यभामा, तिचे लग्न वैशाख वद्यात निश्चयास आले, आणि त्या लग्नात नाकी घालावयाची नथ म्हणजे महादेवरावांच्या कैलासवासी मातुश्रींची, टपोऱ्या मोत्यांची, घराण्याची एकच एक. मोत्यांची तार सैल जाहली होती. तेव्हा पार्वताबाईंनी फर्मान सोडिले की, महादेवाने नथ अकोल्याच्या सराफाकडोन नीट करोन घ्यावी आणि लग्नास घेऊन यावे, आणि नथीस काही जाहले तर तोंड दाखवू नये. बाईंच्या बोलण्याची ढब हीच होती. लहानपणी महादेवराव चिंचेवर चढले असता 'पडून मेलास तर घरात घेणार नाही' ऐसेही त्या म्हणाल्या होत्या. परंतु महादेवरावांनी फर्मान जैसेच्या तैसे काळजावर कोरून घेतले.

नथ दुरुस्त जाहली. सराफाने ती इवल्या पितळी डबीत घालून दिली, महादेवरावांनी डबी बंडीच्या खिशात टाकिली, आणि सर्व्हिस मोटारीने येऊन, फाट्यावर उतरून, जवळचा मार्ग म्हणोन ते आपल्याच वावरातून घराकडे दरकूच निघाले. येथे घात जाहला. वऱ्हाडातल्या काळ्या जमिनीस वैशाखात भेगा पडतात, आणि ज्याची भेग मोठी त्याची माती कसदार, ऐसा तिकडील शेतकऱ्यांचा अभिमान आहे. बांधशेजारी नत्थुजी यांनी आदले दिवशी पानठेल्यावर सर्वांदेखत सांगितले होते की, आमच्या भेगेने अखंड पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे वाळले झाड, गिळिली, टोकही वर राहिले नाही. हा बोल महादेवरावांस झोंबला होता. त्यांनी वाटेत एक उभी वाळली पऱ्हाटी उपटिली, आपल्यातली थोरातली थोर भेग निवडिली आणि पऱ्हाटी आत सोडून खोली पाहण्याकरिता ओणवे जाहले. पऱ्हाटी गेली. तिच्या मागोमाग खिशातली डबीही गेली, आणि आतून 'टण्ण' ऐसा आवाज आला, तो महादेवरावांस आपल्याच छातीतून आला ऐसे वाटले.

मग त्यांनी खुणेस आपले उपरणे भेगेवर अंथरिले, वर ढेकूळ ठेविले आणि सब्बल, म्हणजे पहार, आणावयास घराकडे धाव घेतली. माघारी येतात तो मध्यंतरी वावटळ येऊन गेली होती, उपरणे बांधावरच्या बाभळीवर निशाणासारखे फडकत होते, आणि वावरात जिकडे पाहावे तिकडे भेगाच भेगा, एकीचे तोंड दुसरीसारखे. महादेवरावांनी अटकळीने सात-आठ ठिकाणी खणोन पाहिले. पऱ्हाट्या निघाल्या, डबी निघाली नाही.

घरी येऊन त्यांनी सर्व्हिस मोटारीच्या कंडक्टराहाती पातुरास तोंडी निरोप रवाना केला की, महादेवरावांस थोर ज्वर आला आहे, लग्नास येणे घडत नाही, क्षमा असावी. नथीचा उच्चार केला नाही. हा निरोप देणे त्यांस फार जड गेले, कारण सत्यभामा लहान असता त्यांच्याच खांद्यावर बसोन जत्रा पाहत असे, आणि तिला बोहल्यावर आणण्याचा मान मामाचा, म्हणजे त्यांचाच होता. परंतु नथ हरविल्याचे सांगावे आणि बाईंनी जन्माचे तोंड फिरवावे, त्यापेक्षा ज्वर बरा, ऐसी मसलत त्यांनी मनाशी केली. कुटुंब सौभाग्यवती रुख्मिणी यांनी धन्याच्या कपाळास हात लावून पाहिला आणि वदल्या, "ताप तुमाले नाई जी. पातूरवरून येईन तो. सांगा, नथ कुठी हाय?" तेव्हा महादेवराव एका दमात सर्व बोलून गेले आणि भिंतीकडे तोंड करोन निजले.

रुख्मिणीबाईंनी एकच नाव घेतले : देवमनजी.

हे देवमनजी म्हणजे महादेवरावांचे शाळासोबती. महायुद्धात पलटणीबरोबर इटलीदेशी जाऊन त्यांनी जमिनीत पुरिलेले सुरुंग यंत्राने हुडकिले होते. पुढे अकोल्यास रेडिओ व पाण्याची इंजिने दुरुस्त करण्याचे दुकान घातले. आणि दोन वर्षांमागे सहकुटुंब नागपुरास जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून भेटेल त्यास दुरूनच खणखणीत 'जयभीम' घालीत. फौजेचे जुने सामान विकले गेले त्यात त्यांनी तैसेच एक यंत्र हौसेने घेऊन ठेविले होते. त्याची रचना ऐसी की, पाठीवर बॅटरीची पेटी, कानांस आवाज ऐकण्याची कुंची, हाती लांब लाकडी दांडा आणि दांड्याच्या टोकास परातीएवढी थाळी. थाळीखाली धातू आला की कानात 'घूं' म्हणोन नाद उठतो. बोलावणे येताच देवमनजी दुकानास कुलूप घालून निघाले, कारण इटली सोडल्यापासून त्यांच्या यंत्रास शोभेलसे काम मिळाले नव्हते. रुख्मिणीबाईंनी त्यांचे पान धन्याच्या पानाशेजारीच मांडिले. यावरून गावचे काही वडीलधारे चार दिवस कुरकुरले. त्यांची नावे या वृत्तांतात घेण्याचे कारण नाही.

दुसरे दिवशी उन्हे चढण्याआधी मोर्चे लागले. देवमनजींनी थाळी जमिनीपासून चार बोटे वर धरोन, संथ झोके देत, वावराचा कोपरा फिरोन दाखविला, आणि घटकेत एक बैलाची नाल व एक वखराची गंजकी पास, म्हणजे पाते, हस्तगत केली. सर्वांस हुरूप आला. मग ते पाणी पिण्यास बाभळीखाली गेले आणि यंत्र महादेवरावांच्या हवाली केले. इतिहासात ऐसे क्षण येतात की माणूस आपल्या थोर विद्येमुळेच बुडतो. महादेवरावांनी विचार केला की डबी खोल गेली आहे, आणि वखर खोल चालावयाचा तर त्यावर भार द्यावा लागतो, हे तर शेंबडे पोरही जाणते. धोंडा ठेवावा, नाही तर घरचे पोर बसवावे. पोर जवळ नव्हते. त्यांनी बांधावरचा एक बेतशीर धोंडा आणून सुतळीने थाळीवर आवळिला आणि दांडा छातीशी घेऊन, बैलास द्यावी तैसी आरोळी देत, पुढे रेटिला. थाळी ढेकळात रुतली आणि दांडा मध्यावर कडकन् मोडोन सरदार तोंडघशी पडले.

देवमनजी धावत आले. त्यांनी सुतळी सोडून धोंडा बाजूस ठेविला. मग म्हणाले, "महादेवराव, हे मशीन हाय गा. वखर नाई."

"खोल जावं म्हून भार देल्ला ना बापा."

"थे खाली पाह्यते राजा, खाली जात नाई!"

नवा दांडा व बॅटरीचे ताजे सेल आणावे म्हणोन देवमनजी अकोल्यास रवाना जाहले. दांडा जुळता मिळाला नाही. इकडे महादेवरावांस पश्चात्तापाने स्वस्थ बसवेना, तेव्हा त्यांनी मोडका दांडा लोहाराकडे नेऊन त्यास दोन्हीकडोन लोखंडी पट्ट्या ठोकविल्या, वर तीन कडी चढविली, आणि मोडू म्हटले तरी मोडणार नाही ऐसा वज्रदेही करोन आणिला. काम पक्के होते यात शंका नाही. दुसरे दिवशी देवमनजी येण्यापूर्वीच त्यांनी पेटी पाठीवर घेतली, कुंची चढविली, आणि पहिल्याच पावलास यंत्र 'घूं' बोलले. दुसऱ्या पावलासही बोलले. उत्तरेस घूं, दक्षिणेस घूं, बांधावर घूं, आणि थाळी आभाळाकडे केली तेव्हाही घूं. महादेवराव थरारले. या वावरात धनाच्या राशी पुरल्या आहेत आणि आपण मूर्खासारखे त्यात कापूस पेरीत आलो, ऐसा त्यांचा पक्का ग्रह जाहला. त्यांनी खणावयास प्रारंभ केला. बातमी गावात गेली, माणसे जमली, आणि नत्थुजी तर आपली भेग आणि तिची खोली विसरून आपल्याही वावरात खड्डे घेऊ लागले, या हिशेबाने की धन काही बांध पाहून पुरत नाहीत. दुपारपर्यंत शिवार ऐसे दिसू लागले की रानडुकरांचे सैन्य उतरोन गेले.

देवमनजी आले, त्यांनी कुंची कानास लाविली, मग दांड्याकडे पाहिले आणि हळूच खाली बसले.

"लोखंड काहून ठोकलं यावर?"

"पक्कं होयाले."

"अन् हे मशीन काय हुडकते?"

महादेवरावांनी हातातले फावडे खाली ठेविले. दांड्याचे लोखंड थाळीस चोवीस तास सलाम करीत होते आणि थाळी तो सलाम इमानाने कळवीत होती. मंडळी एकेक करोन पांगली. नत्थुजींनी आपले खड्डे, 'कंपोस्टासाठी घेतले' ऐसे जाहीर केले.

कडी निघाली, पट्ट्या निघाल्या, आणि दुसरे दिवशी सकाळी देवमनजींनी दांड्यास जैसीतैसी एक काठी सुतळीने बांधोन काम चालू केले. वावर निम्मे फिरोन जाहले. ऊन माथ्यावर आले म्हणोन सर्व बाभळीखाली विसावले. तेथे नत्थुजींनी, खड्ड्यांवरून मंडळींचे मन वळावे म्हणोन, सहज पुसले की इटलीत कसे होते. हा प्रश्न देवमनजींस आजवर कोणी नीट पुसला नव्हता. ते उठोन उभे राहिले, दांडा समोर टेकिला, त्यावर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेविली, आणि डोंगर, थंडी, नदी, नदीकाठचे सुरुंग ऐसे एकेक वर्णू लागले. वर्णनास रंग चढला तैसा अंगाचा भारही दांड्यावर चढला. नदी ओलांडून पलटण पैलतीरी लागते न लागते तोच दांडा पुन्हा, त्याच जखमेवर, कडाड मोडला आणि देवमनजी इटलीतून थेट तेल्हाऱ्याच्या ढेकळात येऊन पडले.

कोणी हसले नाही. महादेवरावांनी त्यांस हात देऊन उठविले, धूळ झटकिली, आणि अत्यंत अदबीने इतकेच पुसले, "वखर नाई ना गा हे?"

येथवर गंमत जाहली. परंतु लग्न दोन दिवसांवर आले होते, आणि महादेवराव घरी येऊन ओसरीवर बसले. मोडके तुकडे पुढ्यात होते. रुख्मिणीबाईंनी भाकर पुढे केली, ती त्यांनी सारिली. ते म्हणाले की, नथ मायच्या नाकातली होती, माय गेली तेव्हा पार्वताबाईंनी दुसरे काही मागितले नाही, तेवढीच मागितली. आणि ती मी भेगेची खोली पाहण्याच्या नादात मातीत घातली. आता माहेर म्हणोन बाईंनी या घराकडे का पाहावे? आणि एवढा धिप्पाड पुरुष उपरण्यात तोंड घालून रडला. ही गोष्ट सरदारांच्या वृत्तांतात लिहू नये ऐसे कोणी म्हणतील. परंतु जाहली ती लिहिली पाहिजे.

तेव्हा सेनापतिपद रुख्मिणीबाईंनी आपल्याकडे घेतले आणि कोणी हरकत घेतली नाही. त्यांनी हुकूम फर्माविला की दांड्यास लोखंडाचा खिळादेखील लावू नये. बांबूच्या चार कामट्या तासून चोहोबाजूंनी बसवाव्या, जुन्या लुगड्याच्या पट्ट्या बाभळीच्या डिंकात भिजवून वर घट्ट गुंडाळाव्या, आणि वैशाखाचे ऊन एवढे फुकट जात आहे त्यात त्या वाळवाव्या. आणि दांड्याचा भार हातांवर न घेता खांद्यावरून झोळीत टांगावा, विसावा घेताना तो गोणपाटावर आडवा निजवावा, पुरुषांनी त्यास टेकू नये, रेटू नये, त्याने उकरू नये, आणि लढायांच्या गोष्टी सांगणे जाहल्यास रिकाम्या हाताने सांगाव्या. देवमनजींनी पुसले की मग चालवणार कोण. बाई म्हणाल्या, "मी. तुमी दोघंई जमीन दाबता. जमीन सारवाची असते. हात वरून नुसता पोतेऱ्यावानी फिरला पाह्यजे."

सकाळी स्वारी निघाली ती ऐसी : अग्रभागी रुख्मिणीबाई, पदर खोचलेला, कानी कुंची, झोळीत दांडा, मागे पेटी वाहत देवमनजी, आणि बाजूस, डिंक उन्हाने तडको नये म्हणोन यंत्रावर काळी छत्री धरोन अब्दागीरवाले महादेवराव. ओट्यावर शेणाचा हात फिरावा तैसी थाळी काळ्या जमिनीवरून अलगद फिरू लागली. एक पट्टा जाहला, दुसरा जाहला. खिळा सापडला, घुंगरू सापडले. मग बांधाजवळच्या एका भेगेपाशी बाई थबकल्या, थाळी माघारी आणली, पुन्हा नेली, आणि हात वर केला. महादेवराव छत्री टाकोन पालथे पडले आणि त्यांनी उजवा हात खांद्यापर्यंत भेगेत घातला.

"हाय!" ते आतल्या आवाजात ओरडले. "डबी हाय! हाती आली!"

आणि येथेच मोहिमेतला सर्वांत कठीण प्रसंग गुदरला. रिता हात भेगेत गेला होता, डबी धरलेली मूठ बाहेर येईना. डबी सोडावी तर ती खाली घसरेल, न सोडावी तर सरदार जन्माचे वावरात कैद. महादेवरावांनी जोर केला, कातडी सोलली, मूठ हलेना. तेव्हा देवमनजींचे पंधरा वर्षांचे शहाणपण क्षणात उडाले, त्यांनी दांडा उचलिला, आणि भेग फाकविण्याकरिता सब्बलीसारखा तीत खुपसावयास झेप घेतली. रुख्मिणीबाई आडव्या झाल्या आणि गरजल्या, "ठेवा थो खाली!" ही आरोळी चहूकडे गेली. देवमनजी भानावर आले आणि त्यांनी दांडा गोणपाटावर निजविला. दांडा वाचला. मग बाई खुरपे घेऊन भेगेच्या कडेने हळूहळू माती काढू लागल्या.

इतक्यात महादेवरावांच्या नाकासमोर दोन धुळीने भरलेली पाउले येऊन उभी राहिली. त्यांनी मान वळवून वर पाहिले. पार्वताबाई होत्या. हळदीचे घर सोडून, मोटारीने येऊन, फाट्यापासून उन्हात चालत आल्या होत्या.

"ताप कुठी हाय तुह्या?" त्यांनी पुसले.

महादेवरावांनी भेगेत तोंड लपविले. पार्वताबाई खाली बसल्या आणि त्यांनी आधी कपाळास हात लाविला, मग मानेस, मग पुन्हा कपाळास. कपाळ उन्हाने तापले होते, आणखी काही नव्हते. तेव्हा महादेवराव पालथेच राहून बोलले, "बाई, नथ हरवली होती माह्याकडून. आता सापडली. हात निघून नाई राह्यला."

"म्हून लग्नाले येत नव्हता तू?"

"तोंड दाखवू नको म्हनली होतीस ना."

पार्वताबाई बोलल्या त्या मोठ्याने, रडत आणि रागाने : "अरे, मी काय काय म्हनते आन् तू थे ऐकत बसतं! ताप आला म्हनलं तर माह्या जीव ठिकानावर नाई राह्यला. नथ नसती तं पोरगी बिननथीची उभी राह्यली असती. मामाबिगर तिले मांडवात कोनं आनलं असतं रे? मले माय नाई, बाप नाई. मले माहेर म्हून तू एक हायस. अन् तू डबीपायी जमिनीत घुसून राह्यला!"

महादेवराव भेगेत रडले. नणंद-भावजय दोघी मिळोन माती उकरू लागल्या, आणि थोड्या वेळाने हात बाहेर आला, कोपरापासून मनगटापर्यंत सोललेला, आणि मुठीत पितळी डबी. पार्वताबाईंनी ती उघडून पाहिलीही नाही. पहिल्याने त्यांनी पदर फाडोन हात बांधिला.

येणेप्रमाणे नथ फत्ते जाहली. मोहिमेत कामी आले ते : लाकडी दांड्याची शकले, लोहाराची मेहनत, एक जुने लुगडे आणि नत्थुजींचा मोठेपणा. तिसऱ्या खेपेचा दांडा शाबूत राहिला, ऐसी खातरजमा पेटी पाठीवरून उतरवून देवमनजींनी स्वतः केली, आणि पुढे दुकानात ज्या गिऱ्हाइकाने त्याकडे बोट दाखविले, त्यास 'टेकू नका' ऐसे आधी सांगितले.

पातुरास लग्न थाटाने लागले. महादेवरावांनी भाचीस बोहल्यावर आणिले, आणि अक्षता पडल्या. मग पंगत बसावयाची तो नवरीने मामास हळूच सांगितले की नथ फार टोचते, आणि ती काढून त्यांच्या हाती दिली. महादेवराव पंगतीस बसले खरे, परंतु उजवा हात बांधलेला, आणि डाव्यात नथ. खिशात ती घालणार नव्हते, कोणाच्या हवाली करणार नव्हते, पानाशेजारी ठेवणार नव्हते. पानावर वाढलेले निवू लागले. तेव्हा पार्वताबाई वाढता वाढता थांबल्या, भावासमोर मांडी घालून बसल्या आणि सर्व वऱ्हाडादेखत त्यांनी त्यास आपल्या हाताने जेवू घातले. मोहिमेचा विजय याच पानावर नोंदला आहे. लेखनसीमा.